चार बोटे खोल

मागील वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात थोरल्या बहिणीकडे सहा आठवडे राहिलो. भाऊजींना जाऊन पाच महिने झाले होते. ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे न उघडता तशीच पडलेली दिसली. विचारले, तर ती एवढेच म्हणाली, ‘‘आता कशाला?’’ तीस वर्षे दवाखाना चालवूनही या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

परसात कुंपणावर भाऊजींनी लावलेली क्लेमॅटिसची वेल होती, जात नेली मोझर. बशीएवढी फिकट गुलाबी फुले, प्रत्येक पाकळीच्या मधोमध गडद पट्टा. (शास्त्रदृष्ट्या त्या पाकळ्या नव्हेत, निदले. आपल्या सह्याद्रीतील मोरवेल हिच्याच गोतातली, तिचेही तसेच.) एका सकाळी ती भरली वेल माना टाकून उभी दिसली आणि दोन दिवसांत देठ काळे पडले. ताईने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

मृत्यूचे दाखले लिहिण्याची सवय असलेला मी वेल मुळासकट उपटायला निघालो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी थांबवले. मोठ्या फुलांच्या संकरित जातींना ही बुरशीजन्य मर विशेषेकरून होते. मात्र ती वरच्या खोडाला ग्रासते, मुळे बहुधा जिवंत असतात. रोप खोल लावले होते का, एवढेच त्यांनी विचारले.

‘‘चार बोटे,’’ ताई दारातून म्हणाली. ‘‘मी म्हटलंही होतं, गुदमरेल ते.’’

जमिनीखाली राखलेले डोळे अशाच वेळी कामी येतात. वेल जमिनीलगत कापली. ताईने उघड्या हातांनीच देठ उचलले, तेव्हा मी ओरडलो. या रसाने त्वचेची आग होते, पुरळही उठतो. ‘‘डॉक्टरकी तिकडे कर,’’ ती चिडून म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज प्रथमच चढला होता. रोगट देठ खताच्या ढिगात न घालता कचऱ्यात टाकले, कात्री निर्जंतुक केली आणि मुळांना गारवा राहावा म्हणून बुंध्यापासून थोडे दूर पालापाचोळा पसरला.

रोज सकाळी पाणी घालण्याचे काम तिने आपणहून घेतले. झारीशेजारी मी गोळी ठेवू लागलो. कधी ती घेई, कधी गोळी तशीच राही. मी निघालो तोवर माती कोरीच होती.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. दोन कोंब फुटले होते. ‘‘आणि गोळी?’’ मी विचारले.

‘‘विषय बदलू नकोस. आधाराला काठी केवढी लावायची, ते सांग. हे सगळं हेच बघायचे रे.’’