उताणे पोहणारे

आमच्या मावळात समुद्र कुठला? पावसात लोणावळ्याच्या वरच्या कातळावर साचतात ती हातभर डबकी, तेवढेच! “सर, तिथं उलटे मासे आहेत,” म्हणत उशिरा आलेल्या एका मुलाला मी वर्गाबाहेर उभे केले होते. तो पुढे शाळेत आलाच नाही.

यंदा श्रावणात काचेच्या बरणीत कॅमेरा घालून मी ती डबक्यात बुडवली नि तासभर पालथा पडून राहिलो. मासे नव्हेत, कोळंबीच्या नात्यातले, नखाएवढे, काचेसारखे आरपार जीव. अकरा जोड पाय वल्ह्यांसारखे हलवीत खरेच उताणे पोहत होते! डबके आटले की हे मरतात. अंडी मात्र कोरड्या मातीत पावसाची वाट पाहत वर्षानुवर्षे तगतात.

छायाचित्र छापून ठेवले आहे. मुलाचा पत्ता अद्याप लागलेला नाही.