मिसळणाचा डबा

फोडणीचे तेल तापले की मोहरीसाठी कोणी कोठीच्या खोलीकडे धावत नाही. मिसळणाचा डबा हाताशीच असतो. रोज लागणारे चिमूट-चिमूट जवळ, मोठा साठा आत बरण्यांत. ही समज गृहिणीला कोणत्या पुस्तकातून घ्यावी लागली नाही.

संगणकाच्या जगात या डब्याला ‘कॅश’ म्हणतात. उच्चार रोकडीसारखा असला तरी शब्द निराळा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवून ठेवणे. मोठ्या संकेतस्थळाची माहिती अनेक यंत्रांच्या तबकड्यांवर विखुरलेली असते. फिरत्या तबकडीवरून एक नोंद शोधायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतून तीच नोंद त्याच्या लाखाव्या भागाइतक्या वेळात मिळते. २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन तरुणाने ‘लाइव्हजर्नल’साठी अनेक यंत्रांची रिकामी स्मृती एकत्र जोडली आणि ‘मेमकॅशडी’ तयार केले. वारंवार लागणारे जवळ ठेवायचे आणि जागा संपली की बरेच दिवस न लागलेले काढून टाकायचे, एवढाच त्याचा संसार.

पण खरी कसोटी पुढेच असते. कोठीत नवे तिखट आले आणि डब्यात जुनेच राहिले तर? म्हणून मूळ नोंद बदलली की जवळची प्रत पुसावी लागते. आणि पुसल्यावर सगळेच एकदम कोठीकडे धावले तर?

२३ सप्टेंबर २०१० रोजी ‘फेसबुक’वर असेच घडले. डब्यातली एक नोंद चुकीची वाटली म्हणून प्रत्येक यंत्र ती सुधारायला मूळ साठ्याकडे गेले. साठ्यातली नोंदच चुकलेली होती. दर सेकंदाला लाखो मागण्या येऊन साठा गुदमरला. उत्तर मिळाले नाही, की यंत्रे जवळची प्रत पुसून पुन्हा विचारायला जात. अखेर संकेतस्थळच बंद करून त्या साठ्याला श्वास घेऊ द्यावा लागला. सुमारे अडीच तास लोकांची गैरसोय झाली.

अशा झुंडीवरचा एक उपाय तेथील अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. हरवलेली नोंद आणण्याची परवानगी एकालाच द्यायची. बाकीच्यांनी क्षणभर थांबायचे, तोवर ती डब्यात येते.

सणाच्या स्वयंपाकात मीठ संपले, तर पाचही जणी हातातले सोडून उठत नाहीत. सासूबाई एकीलाच म्हणतात, “तू जा गं.” बाकीच्यांच्या पुऱ्या तोवर लाटून होतात.