ऊन हवे

झोटेरो हे सॉफ्टवेअर बनलं संशोधकांसाठी. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या एका केंद्राने ते २००६ साली आणलं. ते मोफत आहे. पीएचडी करणारी माणसं त्यात शेकडो शोधनिबंध भरतात आणि प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची त्याच्याकडून करून घेतात. माझ्या आईला कुठलीही संदर्भसूची करायची नाही. ती माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि येत्या मे महिन्यात निवृत्त होते आहे.

तिच्याकडे तीस वर्षांचं साहित्य आहे. हाताने काढलेल्या आकृत्यांचे स्कॅन, सरावपत्रिका, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफ, वर्गात घेतलेल्या प्रयोगांचे व्हिडिओ. नावं 'स्कॅन ००४७' किंवा 'भिंगे नवीन फायनल' अशी. "सगळं एका पेनड्राइव्हमध्ये घालून दे, माझ्या जागी जी येईल तिला देईन," एवढीच तिची मागणी होती. पण तो पेनड्राइव्ह उघडून नवी बाई करणार काय, हा प्रश्न मला पडला. मी नोकरीत डेटाबेस सांभाळते, त्यामुळे असे प्रश्न पडतात.

आईने पूर्वी प्रकरणांच्या क्रमांकानुसार फोल्डर केले होते. २०१८ साली दहावीचं पुस्तक बदललं आणि ते क्रमांक निरर्थक झाले. शिवाय एकच आकृती आठवीलाही लागते आणि दहावीलाही. फोल्डरमध्ये तिच्या दोन प्रती कराव्या लागतात आणि पुढे एकीतच दुरुस्ती होते. झोटेरोतले संग्रह गाण्यांच्या प्लेलिस्टसारखे असतात. नोंद एकच, ती हव्या तितक्या संग्रहांत दिसते. एका गोष्टीकडे अनेक बाजूंनी पोचता यावं, हा विचार आपल्याकडे जुना आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केलं, ते याच विचारावर उभं आहे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी ते गणित शिकवत, हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

शोधनिबंधाच्या पीडीएफमध्ये ओळखक्रमांक असला की झोटेरो शीर्षक, लेखक, वर्ष आपणहून भरतं. आईच्या स्कॅनबद्दल त्याला काहीच सापडलं नाही. मग रविवार दुपारी आम्ही दोघी बसायचो, मी विचारायची आणि ती सांगायची.

'लेखक' या रकान्यापाशी सगळ्यात जास्त वेळ गेला. अपवर्तनाचा एक हस्तलिखित प्रश्नसंच तिला व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, त्यावर कुठल्याशा क्लासचा शिक्का. आईने चष्मा वर केला आणि म्हणाली, "हे अक्षर आमच्या सरांचं आहे." तिच्या पहिल्या शाळेतले वरिष्ठ शिक्षक, आता हयात नाहीत. कधीतरी कुणीतरी त्या कागदाचा फोटो काढला, तो फिरत राहिला आणि वाटेत नाव गळलं. आईने रकान्यात त्यांचं पूर्ण नाव भरायला लावलं, वर्ष अंदाजे घातलं. त्या दुपारी आणखी काही भरलं नाही.

दुसरी अडचण उलटी होती. तिला जे सांगायचं होतं त्याला रकानाच नव्हता. झोटेरोत स्वतःचे नवे रकाने बनवता येत नाहीत. टॅग आणि टिपणं मात्र हवी तितकी जोडता येतात. शैक्षणिक साहित्याच्या नोंदींसाठी २००२ साली एक आंतरराष्ट्रीय मानक ठरलं आहे. त्यात वयोगट, काठिण्यपातळी, लागणारा वेळ हे सगळं आहे. मी ते उघडून तिला यादी वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बहिर्वक्र भिंगाने कागद जाळायचा तर ऊन लागतं. ते कुठे लिहायचं?"

मग 'ऊन हवे' असा टॅग झाला. पाठोपाठ 'वीज नको', 'एका तासात बसतं', 'बाकं हलवावी लागतात'. झोटेरोत नऊ टॅगांना रंग देता येतो आणि आकड्याचं बटण दाबून ते लावता येतात. आईचं १ म्हणजे ऊन. पावसाळ्यात हा रंग दिसला की तो प्रयोग पुढे ढकलायचा. टिपणं याहून मोलाची निघाली. वाटीत पाणी ओतलं की तळाचं नाणं दिसू लागतं, त्या प्रयोगाखाली तिने लिहवलं: 'मागच्या बाकांना दिसत नाही. चौघांत एक वाटी द्यावी. पाणी वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलाला ओतायला सांगावं.'

कागद कुठला, कुणाचा, कधीचा हे मानकाला हवं असतं. तो वर्गात नेला तेव्हा काय झालं, हे फक्त नेणाऱ्यालाच माहीत असतं, आणि आपल्या शाळांमध्ये ही माहिती निरोपसमारंभाच्या दिवशी नारळाबरोबर घरी जाते.

नवी बाई हे वापरेल का, याची आईला खात्री नाही. "तिची मुलं वेगळी असतील, तिचं बघणं वेगळं असेल," ती म्हणते. म्हणून प्रत्येक टिपणाच्या सुरुवातीला तिने वर्ष आणि तुकडी घालायला सांगितली, आणि न जमलेले प्रयोगही काढू दिले नाहीत. त्यांना टॅग आहे 'मला जमलं नाही'. आतापर्यंत चारशे नोंदी झाल्या आहेत, तेवढ्याच राहिल्या असतील. मे महिन्यापर्यंत रविवार मात्र मोजकेच आहेत.