नाताळचे पाहुणे

दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमची वाडी आहे आणि घराच्या पुढच्या खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. दिवाळी आणि मे महिना ही जुनी गर्दी. अलीकडे तिच्यात नाताळची भर पडली. शहरातल्या शाळांना सुट्टी असते, नोकरदारांना वर्षाची उरलेली रजा संपवायची असते, आणि पुण्याची माणसं ताम्हिणी उतरून, मुंबईची महाडवरून, आमच्या दारात येऊन उभी राहतात. ही माणसं काय काय उद्योग करून ठेवतात यावर गावात कुणालाही बोलतं करा, तास सहज निघेल. मीही त्या गप्पांत असायचे. आमच्याकडे झालेल्या उद्योगांत माझा हात किती होता, हे मात्र मी त्या गप्पांत कधी सांगितलं नाही.

सुरुवात फोनपासूनच व्हायची. “काकू, कधी निघू?” असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, रात्री जेवून निघा, रस्ता मोकळा मिळेल, सकाळी गरम घावने तयार ठेवते. सकाळी आलेला पाहुणा नाश्त्यापासून बिलात धरता येतो, हे मनात असायचंच. एक जण असाच उजाडता उजाडता आला, डोळे लाल, चहाचा कप धरलेला हात थरथरतोय. ताम्हिणीतली वळणं आठवतच नाहीत म्हणाला, तेही हसत. मागच्या सीटवर त्याची दोन मुलं झोपली होती. तरीही फोनवरचं माझं उत्तर लगेच बदललं नाही.

2023 चा नाताळ सोमवारी आला. शनिवार-रविवार जोडून मिळाल्यामुळे त्या तीन दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नव्हती. रविवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्याकडचं एक कुटुंब बाहेर पडलं. जाता जाता त्यांनी विचारलं, “गाडी खाली पुळणीवर नेली तर चालते ना?” मी सोलकढीसाठी नारळ पिळत होते. मान वर न करता म्हटलं, “नेतात सगळे.”

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आमच्या सासूबाई कुठलाही तक्ता न बघता भरती सांगतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घड्याळाशी थोडं मागेपुढे होतं, पण किनाऱ्यावरच्या कामाला एवढं पुरतं. त्या रविवारी त्रयोदशी होती. म्हणजे भरती रात्री पावणेदहाच्या आतबाहेर आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी. हे लोक निघाले तेव्हा समुद्र सगळ्यात लांब गेलेला होता. त्यात मंगळवारी दत्तजयंतीची पौर्णिमा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी जितकं आत जातं तितकंच मग वर चढतं. अष्टमीच्या भांगाला एवढी ओढ नसते. चार वाजता पुळणीवर उतरलेल्या शहरातल्या माणसाला दिसते ती रुंद, ओली, टणक वाळू. तिथे गाडी उभी करायला भीती वाटावी असं काहीच नसतं.

पाणी गाडीवर येऊन आदळत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. आधी चाकाखालची वाळू भिजून ढिली पडते. मग गाडी चालू केली की चाक जागच्या जागी फिरतं आणि आपला खड्डा आपणच खणतं. जितका जोर द्याल तितकं खोल. सूर्य सहाच्या सुमारास बुडाला, फोटो झाले, मुलांचा भेळेचा हट्ट पुरवून झाला आणि ही मंडळी गाडीपाशी आली तेव्हा मागची चाकं अर्धी आत गेली होती. अंधारात धावाधाव. शेजारच्या वाडीतून ट्रॅक्टर आणला, कोळ्यांनी होडी ओढायचा दोर दिला, दहा-पंधरा जण पाण्यात उतरले. गाडी निघाली, पण खारं पाणी आत शिरलं ते शिरलंच. त्या कुटुंबाची उरलेली सुट्टी गॅरेजच्या बाकावर गेली. दोर गुंडाळताना नाखवा मला म्हणाला, “वहिनी, तुम्ही सांगितलं नाय त्यांना?” ओल्या साडीनिशी मी नुसती उभी राहिले.

न सांगण्याचं कारण साधंच होतं. पैसे मोजून मजा करायला आलेल्या माणसाला दारातच ‘हे करू नका, ते करू नका’ कसं सांगायचं? दुसरं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. त्या आठवड्यात मी कुणालाच नाही म्हणत नसे. पुढच्या खोल्या भरल्या की आमची झोपायची खोली देऊन टाकायची आणि घरच्यांनी पडवीत पथारी पसरायची. मोदक मागितले, करते. कुणाला रात्री अकराला सुरमई तळून हवी, तळते. अशा आठवड्यात कुणी काही विचारलं तर तोंडातून सुटका होईल तेवढंच उत्तर निघतं.

गाडी तरी लोखंडाची होती. त्याच्या आदल्या वर्षी घडलेलं सांगायला आजही जीभ अडखळते. जुना बंब मागीलदारी होता, तो काढून आम्ही नवीन न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवला. भिंतीत वर झरोका होता. पहाटे त्यातून गार वारा लागतो अशी एका पाहुणीने तक्रार केली, म्हणून मी पुठ्ठा मापात कापून त्यात घट्ट बसवला आणि वरून प्लास्टिक ठोकलं. नीटनेटकं काम झालं म्हणून मला बरंही वाटलं. नाताळात एका कुटुंबातली सगळी जणं त्या न्हाणीघरात एकापाठोपाठ एक आंघोळीला गेली. शेवटी थोरली मुलगी केस धुवायला.

गीझरच्या ज्योतीला हवा लागते. कोंडलेल्या जागेत ती पुरेनाशी झाली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो. या वायूला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, पायांतलं बळ जातं आणि कडीपर्यंत हात पोचायच्या आत माणूस खाली बसतो. आईने हाका मारल्या, आतून नुसता पाण्याचा आवाज. आमच्या ह्यांनी खांदा लावून दार मोडलं आणि मुलीला उचलून अंगणात आणलं. दापोलीला डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “गीझर गॅसचा आहे का?” मुलगी संध्याकाळपर्यंत सावरली. तिची आई मला एका शब्दाने बोलली नाही. निघण्यापूर्वी मात्र ती न्हाणीघरात जाऊन, मान वर करून, त्या झरोक्याकडे बघून आली. पुठ्ठा कुणी बसवला हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता गीझर भिंतीच्या बाहेर आहे आणि झरोक्याला उघड्या पट्ट्या आहेत. थंडी वाजते म्हणणाऱ्याला मी जास्तीची बादली देते. नाताळच्या आठवड्यात आमची खोली आमचीच राहते. त्याने पैसे कमी होतात, आणि ते जाणवतात. फोनवर मी सांगते की उजेडी निघा, संध्याकाळपर्यंत पोहोचा, तेव्हा काही जण दुसरं घर शोधतात. फाटकापाशी पाटी आहे. तिच्यावर सासूबाई रोज तिथी आणि भरतीची वेळ खडूने लिहितात आणि खाली ‘गाडी सुरूच्या बनापुढे नेऊ नये’. याच दिवसांत कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येऊ लागतात, तेही मी ऐकवते. जेवण उत्तम, पण काकू शाळेतल्या बाईंसारख्या सूचना देतात, असं एकाने माझ्याबद्दल लिहून ठेवलं आहे.

एक गोष्ट अजून मला जमलेली नाही. 31 तारखेच्या रात्री मोठी माणसं बाटली घेऊन पुळणीवर बसतात आणि बाराच्या सुमाराला कुणाला तरी पोहायची लहर येते. त्यांना काय सांगावं हे मला सुचत नाही. सांगितलं तर ‘हो काकू’ म्हणतात. त्यामुळे हे जेवण उरकून बॅटरी, कानटोपी आणि जुनी ट्यूब घेऊन सुरूच्या बनात जाऊन बसतात, शेवटचा माणूस खोलीवर परत येईपर्यंत. सासूबाई त्यांना थर्मासमधून चहा पाठवतात. एकतीसला घासायच्या भांड्यांचा ढीग मात्र दर वर्षी माझ्या एकटीच्या वाट्याला येतो, आणि त्यावरून आमचं पहिल्या तारखेला सकाळी भांडण ठरलेलं.