शिबिराची बातमी मीच छापली होती

दोन वर्षांपूर्वी आपल्या गावात मोफत तपासणी शिबिर झालं. बातमी मीच केली, फोटोसकट. 'महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' हे ठरलेलं वाक्यही टाकलं. आमच्या वहिनी माझ्याच सांगण्यावरून गेल्या. त्रास काहीच नव्हता. गळ्याच्या सोनोग्राफीत थायरॉईडमध्ये सहा मिलिमीटरची गाठ दिसली. मग सुईची तपासणी, मग कॅन्सर हा शब्द, आणि महिन्याभरात अख्खी ग्रंथी काढली. आता रोज उपाशीपोटी गोळी, जन्मभर. भजनात वरचा सूर लागत नाही म्हणून त्या मागे बसतात.

वेळेवर सापडलं, वाचल्या, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. मग दक्षिण कोरियाचं वाचलं.

तिथे १९९९ नंतर सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉईड त्यात नव्हतं, पण दवाखान्यांनी थोड्या जादा पैशात गळ्याची सोनोग्राफी जोडली. २०११ मध्ये या कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. वर्षात ४० हजारांवर रुग्ण! आणि मृत्यू? होते तेवढेच, वर्षाला चारशेच्या आत. म्हणजे रोग वाढला नव्हता, शोधणं वाढलं होतं. अशा बारीक गाठी अनेकांच्या गळ्यात आयुष्यभर गुपचूप पडून असतात, माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे हे सांगितलं, आणि वर्षभरात ऑपरेशनं साधारण एक तृतीयांशाने घटली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या नोंदींतही आकडा असाच चढलेला दिसतो.

वहिनींची गाठ वाढणारी होती की गप्प बसणारी, हे आता कुणीच सांगू शकत नाही. हेच मला खातं.

गैरसमज नको. गळ्याला गाठ हाताला लागली, आवाज बसून राहिला, गिळताना अडकलं, तर डॉक्टरांकडे जाच. तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी टाळू नका, तिथे लवकर कळण्याचा फायदा आहे. चालू गोळीही मनाने बंद करू नका. पण त्रास नसताना गळ्याची सोनोग्राफी कुणी फुकट देत असेल, तर आधी विचारा: गाठ निघाली तर पुढे काय? नुसती लक्ष ठेवून चालेल का?

पुढच्या शिबिराची बातमी करताना हा प्रश्न मी आयोजकांना विचारणार. दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता.