सावत्र वडिलांचं नाव लावताना



आपल्या समाजात विधवा आणि घटस्फोटित मुलींचे पुनर्विवाह आता मोकळेपणाने होऊ लागले आहेत. मुलासकट सून करून घेणारी घरंही आहेत. पण मनाने स्वीकारलं म्हणजे कायद्याने मूल आपलं होतंच असं नाही. शाळेत आणि आधार कार्डावर नवीन वडिलांचं नाव लागलं, तरी ते मूल त्यांचं वारस होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याने सख्खं आणि दत्तक मूल वारस ठरतं. सावत्र मूल वडिलांचं वारस नसतं.

माझ्या भाचीच्या निमित्ताने हे सगळं मला नीट समजलं. तिचे पहिले यजमान वारले तेव्हा मुलगी लहान होती, आता सहा वर्षांची आहे. दुसरे जावई विधुर, त्यांना पहिली एक मुलगी. घरातले म्हणाले, "दत्तकपत्र करून टाका." वकिलांनी थांबवलं. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार ज्याला मुलगी आहे, त्याला दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. "आपण तर 2014 पासून अल्पसंख्याक, मग हिंदू कायदा कशाला?" असं एका भाऊंनी विचारलं. पण अल्पसंख्याक दर्जाने हे कायदे बदलत नाहीत. त्यांत जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे.

मग 2015 च्या बाल न्याय कायद्याचा मार्ग निघाला. त्यात मुलगी असण्याची आडकाठी नाही. नवरा-बायकोने 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी करायची, जिल्हा बाल संरक्षण कक्ष कागद तपासतो आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर आदेशाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आहे. जन्मदाता बाप हयात असेल तर, घटस्फोट झालेला असला तरी, त्याची संमती लागते. हिंदू दत्तक कायद्यात मात्र ज्याने संसाराचा कायमचा त्याग केला आहे, त्याची संमती लागत नाही. दीक्षा घेतलेले वडील आठवले ना?

खरी अडचण आजी-आजोबांची होती. दत्तक झाल्यावर मुलीचं जन्माच्या घराशी कायद्याचं नातं तुटतं, आणि दत्तक पुढे मनासारखं मोडता येत नाही. वडिलांच्या मृत्यूबरोबर तिला मिळालेला हिस्सा तिचाच राहतो. पण आजोबा मृत्युपत्र न करता गेले, तर गेलेल्या मुलाची मुलगी म्हणून तिला जो वाटा मिळाला असता, तो मिळत नाही. काही जण म्हणाले, "अपरिग्रह मानणाऱ्यांनी एवढा हिशोब कशाला करायचा?" मला वाटतं, अपरिग्रह आपण आपल्यापुरता पाळावा, पोरीच्या वाट्यावर नाही. तिचा हिस्सा अजाणता बुडाला तर ते अदत्तादानाच्याच जवळ जातं.

आजोबांनी आधी मृत्युपत्र करून नातीचा वाटा लिहून ठेवला, वडिलांच्या फंडाची रक्कम तिच्या नावे मुदत ठेवीत गेली, मगच अर्ज झाला. पाच वर्षांवरच्या मुलाची संमतीही लागते. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पण पप्पांचा फोटो भिंतीवरून काढायचा नाही." जावयांनीच तो फोटो नव्या घरात लावला. दिवाळीला आणि पर्युषणात ती आजी-आजोबांकडे जाते. त्यासाठी कुठला आदेश लागला नाही.

प्रत्येक घरात दत्तकच करावं असं नाही. सावत्र वडील स्वतःच्या कमाईतला वाटा मृत्युपत्राने देऊ शकतात. मग जन्माच्या घराचं नातंही तसंच राहतं. दोन्ही वाटा समजून घ्या, वकिलांना विचारा आणि मगच सही करा. बैठकीत लग्नाच्या खर्चावर तासभर बोलणं होतं, तिथे या विषयाला दहा मिनिटं तरी द्या.

जय जिनेंद्र.