बिनशिक्क्याचा रसिक

हातांनी रेखाटलेले जपानी चित्रपट, ज्यांना आता सर्वत्र ॲनिमे म्हणतात, मला मनापासून आवडतात, असे यवतमाळात चारचौघांत बोलले की ऐकणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात आणि दोन्ही पक्षांपाशी आपापला शिक्का तयार असतो. माझ्या वयाची मंडळी ‘या वयात कार्टून?’ असे म्हणून मला पोरकट ठरवितात. आणि त्यांचीच महाविद्यालयात शिकणारी मुले आनंदाने जवळ येऊन ‘मामा, वन पीस कुठवर आलं? सबटायटल्सचं पाहता का डब केलेलं?’ असे विचारू लागतात, पण हजारावर भागांची ती मालिका मी पाहिलेली नाही हे कळताच माझे नाव त्यांच्या दप्तरातून खारीज होते. मुलांचा तो उत्साह मला प्रिय आहे. माझी तक्रार एवढीच, की एखादी कलाकृती आवडण्यासाठी कोणत्या तरी जमातीत नाव दाखल करणे आवश्यक का मानले जावे?

हा शिक्का मुळात जपानातच घडला. 1983 साली अकिओ नाकामोरी या लेखकाने एका मासिकात अशा चित्रांच्या नादी लागलेल्या तरुणांची ‘ओटाकू’ या नावाने अवहेलना केली. पुढे 1989 मध्ये टोकियोच्या परिसरात लहान मुलींच्या हत्या करणारा एक नराधम पकडला गेला, त्याच्या खोलीत चित्रफितींचे ढीग सापडले, आणि एका गुन्हेगाराच्या पंचनाम्यातील वस्तूंवरून सबंध पिढीच्या चारित्र्याविषयी संशय घेतला गेला.

आपल्याकडे ही कला घरोघरी आली ती मात्र कोणत्याही नावनिशीवाचून. 1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागे, तेव्हा तिच्यापुढे बसलेल्या लहानथोरांपैकी ती निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेची आहे हे फारच थोड्यांना ठाऊक होते, आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. शीर्षकगीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची, आणि किपलिंगने कल्पिलेले अरण्य सिवनीचे, वैनगंगेच्या अंगाचे. आमची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा पुढे वैनगंगेला मिळते आणि तिची प्राणहिता होते. तेव्हा मोगली आम्हांला पाण्याच्या नात्यानेही परका नव्हता.

मला ज्या एका चित्रपटाने कायमचे बांधून घेतले तो हायाओ मियाझाकी यांचा 1997 सालचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’. 2020 मध्ये त्यांच्या घिब्ली स्टुडिओचे चित्रपट नेटफ्लिक्सवर आले, त्यानंतर भाच्याच्या आग्रहाने मी तो पाहिला. आरंभीच एक प्रचंड रानडुक्कर, अंगभर काळ्या सर्पाकार वळवळीने वेढलेले, रानातून गावावर चाल करून येते. अशिताका नावाचा राजपुत्र बाणांनी त्याचा वध करतो, आणि त्याच्या देहातून निघालेल्या लोखंडी गोळ्यावरून उलगडा होतो, की हे जनावर म्हणजे वनातील एक देवताच होती आणि त्या गोळ्याच्या यातनेने व द्वेषाने ती राक्षस झाली होती. ज्याने तुरीच्या वावरात मचाणीवर बसून जागल केली आहे, पत्र्याचा डबा बडवीत डुकरांचा कळप हाकलला आहे आणि एका रात्रीत भुईसपाट झालेला हरभरा सकाळी पाहिला आहे, त्याच्या मनात डुकराविषयी करुणा उपजणे सोपे नव्हे. माझ्या मनात ती उपजली, आणि हरभऱ्याचे दुःखही तिच्यामुळे कमी झाले नाही. दोन्ही भाव एकाच वेळी अंतःकरणात नांदविण्याचे हे सामर्थ्य मला फार थोड्या कलाकृतींत आढळले आहे.

त्याच कथेत एबोशी नावाची एक स्त्री आहे. ती अरण्य तोडते, लोखंड गाळते, देवतेवर बंदूक रोखते; परंतु तिच्याच तटबंदीच्या आत, कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या स्त्रिया भात्यावर पाय देत ताठ मानेने काम करीत असतात, आणि आतल्या बाजूच्या एका घरात अंगभर पट्ट्या गुंडाळलेले कुष्ठरोगी तिच्यासाठी बंदुका घडवीत असतात. अशिताकाचा शापित हात तिच्यावर तलवार उपसू पाहतो, तेव्हा अंथरुणाला खिळलेला एक वृद्ध रोगी तिच्या प्राणांची याचना करतो, कारण त्याचे सडलेले शरीर न किळसता धुणारी व्यक्ती जगात ती एकच होती. वर्धेपलीकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आणि उत्तरेस अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, कुष्ठरोग्यांसाठी उभारलेल्या या दोन वसाहतींच्या मधल्या मुलखात वाढलेल्या माणसाला त्या दृश्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आणि मग आमची वाघीण. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या परिसरात टी-1, जिला वृत्तपत्रांनी अवनी म्हटले, गोळी घालून मारली गेली. 13 माणसांच्या मृत्यूचा दोष तिच्या माथी होता, आणि तिच्यामागे दोन बछडे होते. तिच्या भीतीने त्या भागातल्या बाया कापूस वेचायला एकट्यादुकट्या जाईनात, गुराख्यांनी रानाची वाट सोडली. म्हणून ती मेल्याचे कळताच गावांत फटाके वाजले, आणि शहरांत लोक निषेधासाठी रस्त्यावर आले. त्या दिवसांत ज्याने वाघिणीसाठी हळहळ व्यक्त केली तो गरिबांचा शत्रू ठरला, आणि ज्याच्या घरातला माणूस गेला होता तो सुटकेचा श्वास टाकताच क्रूर ठरला. मियाझाकींनी असा निवाडा कोठेही दिलेला नाही. त्यांच्या कथेच्या शेवटी लांडग्यांत वाढलेली सान अरण्यातच राहते, अशिताका लोखंडाच्या वस्तीत राहतो, एबोशी एक हात गमावून नव्याने गाव वसविण्याचा निश्चय करते. कोणाचाही अपराध पुसला जात नाही, आणि अपराधावरून कोणाची कायमची नोंदही होत नाही. जो चित्रपट आपल्या एकाही पात्राला एका नावात कोंडीत नाही, त्याच्या प्रेक्षकाला एका नावात कोंडणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून माझ्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना विनंती आहे, की घरातला मुलगा किंवा मुलगी असा चित्रपट पाहत असेल तर दारातूनच कार्टून म्हणून पुढे जाऊ नका. शेजारी बसा, आणि काय चालले आहे ते विचारा. आणि मुलांनो, उद्या तुमचे मामा किंवा आत्या एखादा चित्रपट पाहून गहिवरून तुमच्याशी बोलू लागल्या, तर त्यांनी आणखी किती पाहिले आहेत याचा हिशेब मागू नका.